गोल्फचा वारा आणि छाटणीचे पैसे

तासगाव तालुक्यातल्या एका तरुण बागायतदाराचं पत्र आलं आहे. नाव-गाव गाळून त्यातला मुद्द्याचा भाग आधी देतो.

"काका, माझी अडीच एकर द्राक्षबाग आहे. मावसभाऊ इंग्लंडला नोकरीला असतो. त्याच्या नादानं तीन वर्षांपूर्वी गोल्फ बघायला लागलो आणि खरंच गोडी लागली. गेल्या वर्षीपासून एका एजंटाकडून आयडी घेऊन मोबाईलवर पैसे लावतोय. ऑक्टोबरात दिल्लीच्या स्पर्धेच्या वेळी वाचलं, की कोर्स फार अरुंद आहे आणि मॅकिलरॉयसारखा खेळाडूही ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची काठी) वापरणार नाही. म्हणून सरळ मारणाऱ्या फ्लीटवूडवर लावले आणि तो जिंकला! त्यानंतर मात्र जातच राहिले. परवा हिशेब केला, ८६ हजार गेलेत. घरात बायकोला माहीत नाही. मला वाटतं मी अभ्यासात कमी पडतोय. जुलैत इंग्लंडातल्या रॉयल बर्कडेलला ओपन ही मोठी स्पर्धा आहे. तुम्ही गोल्फ कोर्सवर नोकरी केली आहे असं मागं लिहिलं होतं. कोर्सची रचना आणि हवामान कसं वाचायचं ते नीट शिकवा, म्हणजे निदान गेलेले तरी भरून निघतील. सोसायटीचे पैसे छाटणीला लागणार आहेत."

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. तुम्ही विचारलेला प्रश्न एक आहे, आणि शेवटच्या ओळीत न विचारता दुसरा आला आहे. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, म्हणजे पुढं वाचताना मनात किंतु राहणार नाही: पैसे लावणं आजपासून बंद करा. जुलैची वाट बघू नका. हे मी का म्हणतो ते कोर्स आणि वारा समजावतानाच सांगेन. कारण तुम्ही ज्याला तुमची ताकद समजताय, तिथंच खरी अडचण आहे.

कृषीची पदवी घेतल्यावर मी पुण्यातल्या एका गोल्फ कोर्सवर अकरा वर्षं गवत सांभाळलं. पहाटे साडेपाचला दवात उभं राहून पहिलं काम करायचं ते भोकाची जागा बदलण्याचं. १०८ मिलिमीटर व्यासाचं गोल पातं जमिनीत दाबायचं, फिरवायचं, मातीचा गड्डा अलगद वर काढायचा आणि कालच्या भोकात तो असा बसवायचा, की सांधा हाताला लागू नये. पाच पावलं उजवीकडं उतारावर भोक सरकवलं, की काल ज्या ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवतावर, सगळे हसत होते तिथंच आज माणसं डोक्याला हात लावायची. गवत तेच, खेळणारे तेच. म्हणून कोर्सच्या रचनेनं फरक पडतो का, असं कुणी विचारलं तर मी मनापासून हो म्हणेन. फार पडतो.

ते गवत कोणतं होतं माहीत आहे का? बर्म्युडा. म्हणजे आपली हरळीच. जिच्या काश्या तुम्ही बागेतून खणून खणून दमता आणि जिच्या दूर्वा आपण गणपतीला वाहतो, तिच्याच कुळातलं. तिला रोज तीन-चार मिलिमीटरवर कापत राहिलं की गालिचा होतो. पण तिची पाती एका बाजूला लवतात. लवीच्या दिशेनं मारलेला चेंडू पळतो आणि उलट मारलेला हातभर अलीकडं थांबतो. हरळीवर लहानाचा मोठा झालेला खेळाडू हे डोळ्यांनी न बघता ओळखतो, थंड देशातल्या बेंट गवतावर वाढलेल्याला वेळ लागतो. अमुक खेळाडू अमुक प्रकारच्या कोर्सवर चालतो असं म्हणतात, त्यामागं अशी खरीखुरी कारणं असतात.

दिल्लीचं तुमचं गणित बरोबरच होतं. दिल्ली गोल्फ क्लबचा लोधी कोर्स दोन्ही बाजूंनी दाट झुडपांनी आवळलेला आहे. चेंडू आत गेला की बऱ्याचदा सापडतसुद्धा नाही. तिथं तीनशे यार्ड लांब मारण्याची ताकद निम्मी वाया जाते आणि दुसरा फटका कोण नेमका मारतो यावर निकाल लागतो. मॅकिलरॉयनं ड्रायव्हर बाजूला ठेवला तो म्हणूनच. उलट अमेरिकेतला ऑगस्टा बघा, मास्टर्स स्पर्धा होते तो कोर्स. तिथं झाडांमधून वाट रुंद आहे, पण ग्रीनवर चेंडू उंचावरून आणि ठरावीक बाजूनंच उतरवावा लागतो. काही महत्त्वाच्या होलांवर (होल म्हणजे पहिल्या फटक्यापासून भोकापर्यंतची अख्खी वाट) उजव्या हाताच्या खेळाडूला डावीकडं वळणारा फटका लागतो. डावखुऱ्याचा नेहमीचा, सहज ताब्यात राहणारा फटका आपोआप तिकडंच वळतो. २००३ ते २०१४ या बारा वर्षांत तिथं सहा वेळा डावखुरे जिंकले: माइक वीअर एकदा, फिल मिकलसन तीनदा, बबा वॉटसन दोनदा. ही नोंद वाचली की वाटतं, किल्लीच सापडली. पण त्याच बारा वर्षांत सहा वेळा उजव्या हाताचे जिंकले, आणि डावखुऱ्यांतले सहा विजय तीनच माणसांचे. एवढ्याशा आकड्यांवर पैसे लावणं म्हणजे दोन घड बघून अख्ख्या बागेचा टनेज सांगणं.

कोर्सच्या आखणीत एक गोष्ट फार कमी लोक बघतात, ती म्हणजे होल कोणत्या दिशेला तोंड करून आहेत. सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स साधारण सरळ जातो आणि सरळ परत येतो. म्हणजे जाताना वारा पाठीवर असेल तर येताना तो छातीवर. तिथं खेळाडूला निदान कळतं तरी, की आधी मिळवायचं आणि मग राखायचं. म्युरफिल्डला पहिले नऊ होल बाहेरून घड्याळाच्या काट्याप्रमाणं फिरतात आणि पुढचे नऊ आतून उलटे. त्यामुळं वाऱ्याचा कोन सतत बदलत राहतो. एकाच ताकदीच्या वाऱ्यात या दोन कोर्सांवर दोन वेगळ्या परीक्षा होतात.

वाऱ्याबद्दल आणखी एक. चेंडू ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड असू शकत नाही. एवढ्याशा वस्तूला उलटी गिरकी देऊन हवेत उचललेलं असतं. समोरून वारा आला, की गिरकीमुळं चेंडू आणखी वर चढतो आणि धपकन खाली येतो. पाठीमागून वारा आला तर लांबी वाढते, पण समोरचा वारा जेवढं खातो तेवढं पाठीमागचा देत नाही. म्हणून वारा सुटला की एकूण सगळ्यांचे फटके वाढतात. थंडीत चेंडू कमी जातो. आणि पावसाचा एक गैरसमज आहे तो काढून टाका. नुसता पाऊस पडून गेला आणि वारा नसला, तर कोर्स उलट सोपा होतो. ग्रीन मऊ पडतं आणि चेंडू पडेल तिथं रुततो. २०११ च्या यूएस ओपनला काँग्रेशनल कोर्सवर अशीच मऊ जमीन होती आणि मॅकिलरॉय १६ अंडर पारवर, म्हणजे कोर्सला ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा (पार) १६ कमी मारून जिंकला. एरवी त्या स्पर्धेत पारच्या आसपास जिंकणं ही मोठी गोष्ट मानतात.

आता तुमच्या बर्कडेलकडं येऊ. लिव्हरपूलच्या उत्तरेला साउथपोर्ट गावात, आयरिश समुद्राच्या काठावर हा कोर्स आहे. वाळूच्या उंच टेकड्या आहेत, पण फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताच्या वाटा, त्यांच्यावरून नाही तर त्यांच्यामधल्या सपाटीतून जातात. त्यामुळं चांगला मारलेला चेंडू उगाच उंचवट्यावर आपटून भलतीकडं उडत नाही. खेळाडू या कोर्सला न्यायी म्हणतात. तुमच्यासारखा अभ्यासू माणूस यावरून म्हणेल, की इथं नशीब कमी, म्हणून अंदाज सोपा.

मग २००८ बघा. तिथंच ओपन झाली, जोराचा वारा होता. पॅड्रिग हॅरिंग्टन चार दिवसांच्या मिळून २८३ फटक्यांत जिंकला, म्हणजे ३ ओव्हर पार. २०१७ ला पुन्हा तिथंच झाली. जॉर्डन स्पीथ २६८ फटक्यांत जिंकला, १२ अंडर पार. त्याच स्पर्धेत शनिवारी हवा शांत होती तेव्हा ब्रँडन ग्रेसनं दिवसभरात फक्त ६२ फटके मारले. पुरुषांच्या चार मोठ्या स्पर्धांत तोवर कुणीही ६२ मारले नव्हते. एकच कोर्स, पारही दोन्ही वेळा ७०, आणि जिंकणाऱ्यांत १५ फटक्यांचं अंतर. आखणी कागदावर असते, पण गुरुवारी सकाळी समुद्रावरून काय येतं त्यावर तिचा अर्थ ठरतो. २००८ ला आणखी एक झालं. शेवटच्या दिवशी सकाळी आघाडीवर होता ५३ वर्षांचा ग्रेग नॉर्मन. वाऱ्यात अनुभवी माणूस चालतो हे तत्त्व त्यानं तीन दिवस खरं करून दाखवलं. चौथ्या दिवशी तो मागं पडला. तत्त्व खरं ठरलं, पण त्याच्या विजयावर लावलेले पैसे बुडाले.

यापुढचं जरा सावकाश वाचा, कारण हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

ओपनला १५६ खेळाडू असतात आणि पहिले दोन दिवस सगळे पहिल्याच टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, सुटतात. पहिला गट सकाळी साडेसहाच्या सुमाराला, शेवटचा दुपारी चारच्या सुमाराला. गुरुवारी सकाळी खेळलेला शुक्रवारी दुपारी खेळतो आणि गुरुवारी दुपारचा शुक्रवारी सकाळी. दोन दिवसांनंतर पहिले ७० आणि त्यांच्या बरोबरीचे राहतात, बाकी घरी जातात. याला कट म्हणतात. आता शुक्रवारी दुपारी वादळी वारा सुटला, तर अर्ध्या लोकांना तो लागलाच नाही आणि अर्ध्यांना पुरता लागला.

नोव्हेंबरातला अवकाळी आठवा. एकाच रात्री, एकाच शिवारात सारखाच पाऊस पडतो. ज्यानं सप्टेंबरात फळछाटणी घेतली त्याचे मणी धरलेले असतात, तो औषध मारून निभावतो. ज्याची बाग त्याच आठवड्यात फुलोऱ्यात सापडली, त्याची गळ आणि घडकूज होते. ज्यानं उशिरा छाटली त्याच्या बागेत अजून पोंगेच असतात. तिघांपैकी शहाणा कोण, हे त्या पावसावरून ठरवता येतं का? छाटणीची तारीख ज्याची त्यानं तरी ठरवलेली असते. गोल्फमध्ये टीची वेळ खेळाडूच्या हातातही नसते.

२०१० च्या ओपनला सेंट अँड्र्यूजला हेच झालं. रोरी मॅकिलरॉयनं गुरुवारी ६३ मारले. जग म्हणायला लागलं, की झालं, जिंकला. शुक्रवारी दुपारी तो बाहेर पडला तेव्हा असा वारा सुटला, की तासाभरासाठी खेळच थांबवावा लागला. त्यानं ८० मारले. लुई उस्टहाउझन त्याच शुक्रवारी सकाळी लवकर खेळून ६७ करून मोकळा झाला होता. पुढं तो सात फटक्यांनी जिंकला. उस्टहाउझन चांगला खेळला यात शंका नाही. पण बुधवारी रात्री मॅकिलरॉयवर पैसे लावणाऱ्याची चूक कुठं झाली ते मला दाखवा. मला तरी सापडत नाही. त्याच्या आधी २००२ च्या ओपनला म्युरफिल्डवर टायगर वुड्स त्या वर्षीची मास्टर्स आणि यूएस ओपन जिंकून आला होता. शनिवारी गारठा आणि पाऊस-वाऱ्यात सापडून त्यानं ८१ मारले. रविवारी हवा सुधारली तर त्याच कोर्सवर ६५.

तुम्ही म्हणाल, मग वाऱ्याचा अंदाज आणि टीच्या वेळा जुळवून लावले तर? हे मी तुमच्या जागी असतो तर मलाही सुचलं असतं. पण तो अंदाज फुकट आहे, तुमच्या मोबाईलवर आहे आणि त्याच क्षणी भाव लावणाऱ्याकडंही आहे. त्यांच्याकडं प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक फटक्याची मोजणी असते. कोण वाऱ्यात किती घसरतो, कोण हरळीवर कसा पट करतो (चेंडू भोकाकडं हलकेच ढकलतो), हे आकड्यांत मांडणारी माणसं पगारावर असतात. तासगावच्या बेदाणा सौद्यात तुम्ही गेला आहात. पाऊस येणार ही बातमी घेऊन तुम्ही अडत्याच्या दुकानात पोचता, तोवर व्यापाऱ्यानं ती बोलीत धरलेली असते. बातमी खोटी नसते, फक्त तिचे पैसे तुमच्या आधी दुसऱ्यानं मोजलेले असतात. इथंही तसंच आहे. दिल्लीचा कोर्स अरुंद आहे हे तुम्ही वाचलंत, म्हणजे सगळ्यांनी वाचलं होतं, आणि फ्लीटवूडच्या भावात ते आलेलं होतं. त्या आठवड्यात सरळ मारणारा तो एकटाच नव्हता. जो जिंकला तो तुम्ही निवडला होता याचा आनंद माना, पण त्याला पद्धत म्हणू नका.

वारा जास्त कळला की अंदाज पक्का होतो असं तुम्ही धरून चालला आहात. मला उलटं दिसतं. वारा जितका जास्त, तितका निकाल कुणाच्याही हाताबाहेर. २००० साली टायगर वुड्सनं पीजीए टूर या अमेरिकेतल्या स्पर्धामालिकेत २० स्पर्धा खेळून ९ जिंकल्या. अलीकडच्या काळात एवढं भारी वर्ष कुणाचंच झालेलं नाही. त्याही वर्षी त्याच्यावर दर वेळी लावणारा ११ वेळा हरला असता. १९९९ च्या ओपनला कार्नूस्टी कोर्सवर अरुंद वाटा आणि वाटांबाहेर माजलेलं गवत होतं. पॉल लॉरी शेवटच्या दिवशी सकाळी १० फटके मागं होता आणि संध्याकाळी विजेता होता. कोणत्या अभ्यासात हे बसवाल?

बागेत हवामानाचा अंदाज कामाचा असतो, कारण कळल्यावर तुमच्या हातात काहीतरी असतं. ढग दिसले की डाउनीची फवारणी उरकता, डिपिंग दोन दिवस पुढं ढकलता, शेडवरच्या बेदाण्यावर ताडपत्री ओढता. पैसे लावून झाल्यावर ढग दिसले तर काय करता? बघत बसता. तुमच्याकडं असलेली एवढी चांगली अक्कल, जिथं हात बांधलेले आहेत तिथं खर्च होते आहे. मला त्याचं वाईट वाटतं.

आता हिशेब. समजा एका गटात तीन खेळाडू आहेत, तिघेही सारख्या ताकदीचे. तिघांत कोण पुढं राहील यावर खरा भाव प्रत्येकी ३ हवा, म्हणजे जिंकलं तर रुपयाला तीन परत. तुम्हाला दाखवतात २.७५. तिघांवर शंभर-शंभर लावा. खिशातून ३०० गेले, कुणीही पुढं आला तरी २७५ आले. २५ रुपये वारा सुटायच्या आधीच गेले. स्पर्धा कोण जिंकणार याच्या यादीत दीडशे नावं असतात, तिथं ही कात्री आणखी मोठी असते. कारण प्रत्येक नावावर थोडं थोडं कापलेलं असतं आणि ते नजरेला येत नाही.

दुसरं, पहिल्या दहात येण्याची पैज. ही तुम्हाला सुरक्षित वाटत असणार. ४ च्या भावानं ५०० लावले, खेळाडू नवव्या क्रमांकावर आला, तुम्ही २००० ची वाट बघताय. पण नवव्या क्रमांकावर पाच जण बरोबरीत आहेत. जागा दोनच उरल्या, नववी आणि दहावी, आणि माणसं पाच. मग तुमच्या ५०० पैकी दोन पंचमांश, म्हणजे २०० च धरले जातात. २०० गुणिले ४, आठशे. बाकीचे ३०० गेले. गोल्फमध्ये बरोबरी हा अपवाद नाही, दर आठवड्याला होते. तुमच्या पैजांत असं जिंकूनही कमी हाती आलेलं किती असेल, ते एकदा काढून बघा.

आणि चालू खेळात लावत असाल तर लक्षात घ्या, तुमच्या मोबाईलवर दिसणारं चित्र काही सेकंद जुनं असतं. चेंडू पाण्यात पडलेला असतो आणि तुम्हाला तो हवेत दिसत असतो.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. कौशल्याचा खेळ असो की नशिबाचा, तो भेद त्यात ठेवलेला नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, सरकारनं त्याला पीडित म्हटलं आहे. पण त्यानं तुमचे पैसे सुरक्षित होत नाहीत. एजंट दर वेळी वेगळ्याच माणसाच्या नावावर पैसे पाठवायला सांगत असेल. ही खाती बहुतेक भाड्यानं घेतलेली असतात. त्यातलं एखादं सायबर गुन्ह्यात अडकलं, की त्यातून ज्यांच्या खात्यावर पैसे आले ती खातीही गोठवली जातात. ज्या खात्यावर तुमचं द्राक्षाचं पेमेंट येतं, त्याच खात्यावर तुम्ही जिंकलेले पैसे घेतले आहेत का? घेतले असतील तर आजच हा व्यवहार तोडा. आयडीत काही शिल्लक असेल आणि ती काढायला आणखी पैसे भरा असं कुणी म्हणालं, तर भरू नका. फसवणूक झाली तर १९३० वर तक्रार करा.

गेलेले भरून काढायचेत, या तुमच्या वाक्यावर मी थांबलो. आमच्या कोर्सवर एक माळी होता. हात इतका हलका, की त्यानं बसवलेला गड्डा दुसऱ्या दिवशी शोधून सापडायचा नाही. तो मटक्यात अडकला. रोज सकाळी मला सांगायचा, साहेब, फक्त गेलेले निघू द्या, मग हात लावणार नाही. आधी पगारावर उचल घेतली, मग बायकोच्या पाटल्या गेल्या. बायकोला कळलं ते भाच्याच्या लग्नाच्या आठवड्यात, पेटी उघडल्यावर. ती मला म्हणाली, पैसे गेल्याचं सोसलं असतं, दोन वर्षं रोज माझ्या ताटाला ताट लावून जेवत होते आणि बोलले नाहीत ते सोसत नाही. तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही. मी त्या माळ्याचा वरिष्ठ होतो, रोज सकाळी त्याचं ऐकत होतो आणि त्याला धरून बसवलं नाही. म्हणून तुम्हाला एवढं लांबलचक लिहितोय.

८६ हजार गेले ते गेले. अडीच एकरातून ते निघतील, एका हंगामात नाही तर दोन हंगामांत. पैजेतून ते निघणार नाहीत, कारण वर सांगितलेली कात्री प्रत्येक वेळी चालते. आणखी एक लाख फिरवलेत तर त्या तीन जणांच्या हिशेबानं सरासरी आठ हजारांच्या वर आणखी जातील. जुलैत बागेत काडी पिकत असते, काम कमी, आवक शून्य. मोबाईल हातात राहतो तो याच दिवसांत. सप्टेंबरात छाटणीची मजुरी, पेस्ट, औषध दुकानदाराची मागची उधारी, सगळं एकदम अंगावर येईल. सोसायटीचे पैसे त्यासाठी आहेत, ते त्याच कामाला लागले पाहिजेत.

सूनबाईंना सांगा. एजंटाच्या फोनवरून किंवा बँकेच्या मेसेजवरून कळण्याआधी तुमच्या तोंडून कळू द्या. रात्री पोरं झोपल्यावर दबक्या आवाजात नको, दिवसा बागेत सांगा. पासबुक आणि मोबाईल दोन्ही हातात द्या. आकडा पूर्ण सांगा, ८६ म्हणजे ८६, 'थोडे गेलेत' असं नको. त्या रागावतील. त्यांना रागावू द्या, मध्ये बोलून गोल्फ कसा असतो ते समजावत बसू नका. मग विचारा, की छाटणी होईपर्यंत खातं तुम्ही सांभाळाल का? पैसे भरायचं ॲप त्यांच्या मोबाईलवर जाऊ द्या, तुमच्या मोबाईलवरून काढून टाका. एजंटाचा नंबर आणि तो ग्रुपही.

बंद करायचं ठरवूनही रात्री हात तिकडं जात असेल, झोप लागत नसेल, तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे. फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. ही सवय लागणं हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयातही मनोविकार विभाग असतो. जायला लाज वाटत असेल तर मला लिहा, मी सोबत येईन.

आणि गोल्फ? तो सोडू नका. पण पहिली ओपन पैशाशिवाय बघणं तुम्हाला जड जाणार आहे. पैसे नाहीत म्हणून पहिल्या दिवशी खेळ बेचव वाटेल, तेवढा एक दिवस काढा. मी अजून बघताना वही घेऊन बसतो. टीच्या वेळा जाहीर झाल्या, की डावीकडं सकाळचे आणि उजवीकडं दुपारचे लिहितो. साउथपोर्टचा वारा दर तीन तासांनी टिपतो. बाराच्या गटानंतर फटके वाढले का, कोणत्या होलावर चेंडू डावीकडं जातोय, कुणी खाली दाबून मारायला सुरुवात केली, हे टिपलं की कोर्स हळूहळू उलगडायला लागतो. तुम्ही फवारणीची वही ठेवताच, तसंच हे. कट कितीवर लागेल याचा अंदाज गुरुवारी रात्री लिहून ठेवा, मीही लिहितो. शुक्रवारी रात्री दोघांचे पडताळून बघू.

वहीची पानं या पत्त्यावर पाठवा. सूनबाईंशी बोलणं झालं की दोन ओळी त्याबद्दलही लिहा, आणि फळछाटणीची तारीख ठरली की तीही कळवा.